बंडाचा इतिहास मागच्या पानांपासून वाचा

गुलामांची बंडं आणि वर्णद्वेषाविरुद्धचे लढे यांवरची पुस्तकं वाचताना एक अडचण पहिल्या पानापासून असते. बंड करणाऱ्यांपैकी बहुतेकांना लिहायला शिकू दिलं गेलं नव्हतं. त्यांच्याबद्दलचे कागद न्यायाधीश, लष्करी अधिकारी, मळेवाले आणि त्यांची वर्तमानपत्रं यांनी तयार केले. म्हणून असं पुस्तक हातात घेतलं की आधी मागच्या टीपा आणि साधनांची यादी वाचावी, असं माझं ठाम मत आहे.

एका प्रकरणाच्या टीपा निवडा आणि प्रत्येकीपुढे पेन्सिलीने खूण करा: खटल्याची नोंद, सरकारी पत्र, वर्तमानपत्र, खाजगी पत्र, बंडखोरांच्या बाजूचं काही. वीस-तीस टीपांतच कळतं की बंडाच्या नेत्याच्या मनातले विचार लेखकाने कुठून आणले आहेत. पुष्कळदा ते सगळे एकाच कागदावरून आलेले असतात.

नॅट टर्नर या गुलामाचंच पाहा. ऑगस्ट 1831मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या साउथॅम्प्टन काउंटीत त्याने बंड केलं आणि सुमारे 55 गोरे मारले गेले. 30 ऑक्टोबरला तो पकडला गेला, 11 नोव्हेंबरला फासावर गेला. मधल्या काळात थॉमस ग्रे नावाच्या वकिलाने तुरुंगात त्याची जबानी घेतली आणि त्याच महिन्यात ती पुस्तिका म्हणून छापून विक्रीला काढली. ग्रे हा टर्नरचा वकील नव्हता. टर्नरच्या बालपणाबद्दल आणि त्याला झालेल्या दृष्टान्तांबद्दल आपण जे वाचतो, त्यातलं बरंचसं या पुस्तिकेतून येतं. मग ती फेकून द्यायची का? मुळीच नाही. प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे लिहिण्यात ग्रेचा काय फायदा होता? मालक दयाळू होता, असं टर्नर म्हणाल्याचं त्यात आहे; गोऱ्या वाचकांना हे हवंच होतं, तेव्हा इथे सावध राहायचं. पण आता तरी चूक कळली का, या प्रश्नावर त्याने ‘ख्रिस्तालाही क्रुसावर चढवलं नव्हतं का?’ असं उलट विचारल्याचंही ग्रेच लिहितो. ग्रेच्या गिऱ्हाइकांना हे उत्तर गोड लागणारं नव्हतं. लिहिणाऱ्याच्या सोयीविरुद्ध जाणाऱ्या अशा जागांवर मी जास्त विश्वास ठेवतो.

खटल्यांच्या नोंदी तर याहून हळू वाचाव्या लागतात. 1822मध्ये अमेरिकेतल्याच चार्ल्सटन शहरात बंडाचा कट रचल्याच्या आरोपावरून डेन्मार्क व्हेसी या गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसासह 35 जणांना फाशी झाली. सुनावणी बंद दाराआड झाली आणि न्यायालयाचा छापील अहवाल त्याच वर्षी निघाला. पुढे इतिहासकार याच अहवालावर विसंबले. 2001मध्ये मायकेल जॉन्सन यांनी हस्तलिखित नोंदी छापील मजकुराशी ताडून पाहिल्या आणि कट मुख्यतः न्यायालयानेच उभा केला, असं मांडलं. अनेक अभ्यासकांना ते मान्य नाही, वाद अजून मिटलेला नाही. त्यामुळे व्हेसीवरचं पुस्तक 2001च्या आधीचं की नंतरचं, हे पहिल्यांदा बघायचं. जबान्या वाचताना तारखांचा क्रम लावा. आधी कोण बोललं, कुणाला शिक्षेत सूट मिळाली, निरनिराळ्या साक्षीदारांच्या तोंडी तेच शब्द येतात का? येत असतील, तर ते लिहून घेणाऱ्याचे असण्याची शक्यता मोठी.

आकड्यांबाबत थोडक्यात. हर्बर्ट अ‍ॅप्थेकर यांनी 1943मध्ये अमेरिकेतल्या गुलामांची सुमारे 250 बंडं आणि कट मोजले, पण त्यांच्या मोजणीत यायला किमान दहा गुलामांचा सहभाग लागत होता. ही अट बदलली की आकडाही बदलतो. आकडा उतरवून घेताना शेजारी व्याख्याही लिहून ठेवा.

हैतीवर, म्हणजे गुलामांच्या उठावापूर्वी फ्रान्सची वसाहत असलेल्या कॅरिबियन देशावर, वाचताना स्वतःची तारीखवार वही केलीच पाहिजे, नाहीतर श्रेय चुकीच्या खात्यात जमा होतं. फ्रान्सच्या प्रतिनिधिसभेने 4 फेब्रुवारी 1794ला गुलामगिरी रद्द केली, एवढंच लक्षात ठेवलं तर स्वातंत्र्य पॅरिसने बहाल केलं असं वाटतं. वहीत ऑगस्ट 1791चा उठाव असतो आणि 29 ऑगस्ट 1793ला सोंतोना या फ्रेंच आयुक्ताने उत्तर प्रांतात काढलेला मुक्तीचा जाहीरनामाही असतो. उठावाने आणि युद्धाने कोंडीत सापडल्यावर त्याने तो काढला होता. पॅरिसचा ठराव या सगळ्याच्या मागून आला.

त्याच वहीत एक पान वर्णाच्या गटांसाठी ठेवा. काळे विरुद्ध गोरे अशी सरळ रेघ मारून वाचणारे इथे हमखास अडखळतात. मिश्रवंशीय मुक्त लोकांपैकी अनेकांकडे स्वतःचे गुलाम होते. व्हँसाँ ओजे याने 1790मध्ये शस्त्र उचललं ते अशा मुक्त लोकांच्या राजकीय हक्कांसाठी, गुलामांच्या मुक्तीसाठी नव्हे. तरीही फेब्रुवारी 1791मध्ये त्याला चाकावर हाडं मोडून ठार करण्यात आलं. आणि 1805च्या हैतीच्या संविधानाने सर्व नागरिकांना ‘काळे’ म्हटलं, नागरिकत्व मिळालेल्या पोलिश आणि जर्मन लोकांनासुद्धा! वर्ण ही कायद्याने आखलेली आणि पुन्हा आखता येणारी रेघ आहे, हे याच्याइतकं स्पष्ट दाखवणारं कलम माझ्या वाचनात दुसरं नाही.

सुरुवात करायला सी. एल. आर. जेम्स यांचं हैतीच्या उठावावरचं ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ घ्यावं. ते 1938चं आहे. आफ्रिका आणि कॅरिबियनचा बराचसा भाग तेव्हा पारतंत्र्यात होता आणि ती धग प्रत्येक पानावर जाणवते. 1963च्या आवृत्तीत हैतीच्या लढ्याचा नेता तूसाँ ते क्यूबाचा कास्त्रो असा धागा जोडणारं परिशिष्ट आहे, म्हणून तीच मिळवा. पुस्तकाचा झोत तूसाँवर आहे. उठाव झाला तेव्हा तिथले निम्म्याहून अधिक गुलाम आफ्रिकेत जन्मलेले होते, आणि त्यांनी सोबत कोणता लष्करी अनुभव, कोणती श्रद्धा, कोणती राजकीय समज आणली होती, यासाठी दुसरं, अलीकडचं पुस्तक लागतंच. ते निवडतानाही आधी मागच्या टीपा उघडून पाहा.