अकरा व्होल्टचा चोर सापडला!

मंडळी, जूनपासून माझ्या सोलर पॅनलांचं व्होल्टेज अकराने कमी येत होतं. ज्या अकरा व्होल्टनी डोकं खाल्लं, ते सात नंबरच्या पॅनलने गिळले होते.

सेटअप तुम्हाला माहीतच आहे: गुहागर, समुद्र हाकेवर, ३३० वॅटची नऊ पॉली (पॉलिक्रिस्टलाइन) पॅनलं एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेली, सगळ्यांच्या व्होल्टेजची बेरीज होते. पावसाळ्यात युनिटांवरून काहीच ठरवता येत नाही. आज दोन, उद्या अकरा. म्हणून मी व्होल्टेज धरून बसतो. पण ऋतू तिथेही आडवा येतोच. पॅनल एक अंश तापलं की व्होल्टेज ०.४ टक्के उतरतं, आमच्या स्ट्रिंगला साधारण १.३ व्होल्ट. मग अकरा व्होल्ट गेले ते बिघाडाने, की पॅनल आठ-नऊ अंश जास्त तापलं म्हणून? इन्व्हर्टरचं ॲप यावर ढिम्म. (तापमान दाखवतं ते स्वतःच्या पोटातलं!)

मार्चमध्ये पॅनलच्या पाठीला चिकटवलेला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर इथे कामी आला. पाठ ५५ अंशांवर असतानाचीच वाचनं वेगळी काढली. मे अखेरपर्यंत २९५ व्होल्टची सरळ रेघ, आणि विजांच्या एका रात्रीनंतर थेट २८४. वय झालं म्हणून पॅनल असं एका रात्रीत बसत नाही, ते वर्षाला अर्धा-पाऊण टक्का झिजतं. ही पायरी ३.७ टक्क्यांची. ३.७ म्हणजे सत्तावीसातला एक! नऊ पॅनलं, प्रत्येकी तीन बायपास डायोड, एकेक डायोड पॅनलच्या एकेका तृतीयांश पट्टीला. तो शॉर्ट झाला की त्या पट्टीचं व्होल्टेज गेलंच. रात्री अकराला ट्यूब पेटली, झोप कसली लागते.

सकाळी आयसोलेटर (पॅनलांचा मुख्य स्विच) बंद करून एकेक पॅनल सुटं, भाराविना मोजलं. आठ जणांचे बेचाळीस व्होल्टच्या आसपास, सात नंबरचे अठ्ठावीस. एक डायोड शॉर्ट. पॅनलच्या वायरी जोडणारे दोन एमसी-फोर कनेक्टर आतून हिरवे पडलेत ते वेगळंच. नकली कनेक्टर खाऱ्या वाऱ्यात घेऊ नका, कितव्यांदा सांगतोय. बोल्टही ३१६ ग्रेड स्टेनलेसचेच, ३०४ वर इथे तांबूस डाग येतात.

आनंदाची गोष्ट म्हणजे ही पायरी वगळली तर चार वर्षांची खरी झीज दोन टक्क्यांच्या आसपास भरते. पॉलीला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

पुरवठादाराचं उत्तर: "थंडीत वाढेल आपोआप." वॉरंटीच्या कागदावर दहाव्या वर्षी ९० टक्के क्षमता लिहिलीय, इथे पॅनलचा तिसरा हिस्सा गायब. पॅनलमागचा जंक्शन बॉक्स उघडून १५एसक्यू०४५ हा नवा डायोड स्वतःच टाकणार होतो, पण आत सिलिकॉन ओतलंय आणि उघडला की वॉरंटीवर पाणी. थांबा, चिपळूणच्या मित्राकडे थर्मल कॅमेरा आहे! शॉर्ट झालेली पट्टी बाकीच्यांपेक्षा गरम दिसते, तो फोटोच पाठवतो. डीसी बाजूच्या एसपीडीची (विजेच्या झटक्यापासून वाचवणारं यंत्र) खिडकीही लाल झालीय, म्हणजे तो कामातून गेला, तो आधी बदलायचा. कोणाकडे जास्तीचा पडून आहे का?