पायथनमध्ये फोल्डर किती खोल जायचं ते आपणच ठरवायचं

लिनक्सवर फाइंड या शोधायच्या कमांडला मॅक्सडेप्थ 2 (म्हणजे दोनच लेव्हल खाली जा) दिलं की विषय संपतो, विंडोजच्या पॉवरशेलमध्येपण 5.0 पासून डेप्थ आलंय, पण पायथनच्या ओएस डॉट वॉकला (फोल्डर आणि त्यातले सबफोल्डर एकेक करून फिरणारं फंक्शन) असा ऑप्शनच नाहीये, ते आपलं सुटतं ते पार तळापर्यंत. प्रोजेक्टमध्ये नोड मॉड्यूल्स (जावास्क्रिप्टच्या लायब्ररी ठेवायचा फोल्डर) असेल तर मग बघतच बसा, हजारो फाइल्स.

बरेच जण काय करतात, लेव्हल मोजतात आणि जास्त झाली की कंटिन्यू (लूपची ही फेरी सोडून पुढची घे) लिहितात. त्याने स्क्रीनवर कमी दिसतं एवढंच, वॉक आतून सगळं फिरतच असतं, म्हणजे वेळ तेवढाच जाणार. खरी किल्ली आहे ती वॉक देतो त्या सबफोल्डरच्या लिस्टमध्ये. वॉक वरून खाली जात असतो (डिफॉल्ट तेच आहे) तेव्हा पुढे कुठे शिरायचं ते तो याच लिस्टमधून बघतो, म्हणून हवी ती लेव्हल आली की लिस्टवर क्लिअर मारायचं, तो तिथूनच मागे फिरतो. फक्त त्याच नावाला नवीन रिकामी लिस्ट असाइन करू नका हां, वॉककडे जुनीच राहते आणि काहीच फरक पडत नाही! टॉपडाउन फॉल्स केलं (म्हणजे खालून वर यायला सांगितलं) असेल तरी ही युक्ती चालत नाही कारण तोवर आतलं सगळं वाचून झालेलं असतं.

लेव्हल मोजताना सुरुवातीच्या फोल्डरपासूनचा रिलेटिव्ह पाथ घ्या, पूर्ण पाथमधले स्लॅश मोजले तर फोल्डर हलवला की गणित चुकतं. मला ही पद्धत स्वतः रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं) फंक्शन लिहिण्यापेक्षा खूप आवडते, दोन ओळींत काम होतं.