ब्रेकची हवा काढली (एकदाची)

आमची मॉरिस मायनर 1967 सालची, म्हणजे माझ्यापेक्षा थोरली. इथे इंग्लंडमधे चाळीस वर्षांवरच्या गाडीत फार फेरफार केले नसतील तर वार्षिक एमओटी टेस्टची (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का याची तपासणी) सक्ती नाही, त्यामुळे ब्रेक लागतायत का हे आपलं आपणच बघायचं. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबाने चाकातला ब्रेक लावतो तो) गळत होता, तो बदलला, ऑइलची लाइन उघडली म्हणजे हवा शिरणारच, पेडल एकदम स्पंज. पुण्यात असतो तर गाडी गॅरेजला लावून चहाला गेलो असतो, इथे लेबरचा तासाचा दर ऐकला आणि गपचूप गाडीखाली घोड्या (स्टँड) लावून स्वतःच खाली बसलो.

आधी चारही चाकांच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) अॅडजस्ट करून घेतले, नाहीतर पेडल तसंही निम्मं खाली जातं आणि आपण उगाच हवेच्या नावाने बोंबलत बसतो. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागचं डावं. निपलला (चाकामागचा हवा काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी, नळीचं टोक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, तळाला थोडं ब्रेक ऑइल. बायको सीटवर. "दाब." "दाबलं." "धर." मी निपल अर्धा फेरा उघडतो, बुडबुडे, निपल बंद, "सोड." निपल उघडा असताना पाय उचलायचा नाही, बास. तिसऱ्यांदा बुडबुडे बघून मी खुशीत नुसतं "हां" म्हणालो, तिला वाटलं सोड. बरणीतलं ऑइल नळीतून सर्रकन वर! टोक बुडालेलं होतं म्हणून वाचलो, नाहीतर हवाच ओढली असती.

खरा घोळ पुढेच. या गाडीचा मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की सगळ्या चाकांना ऑइल ढकलणारा) बॉनेटखाली नाहीच, ड्रायव्हरच्या पायाखाली आहे. कार्पेट उचला, पत्र्याचं झाकण काढा, मग ऑइल भरायचं बूच दिसतं. इसिगोनिस साहेबांना (या गाडीचे डिझायनर, पुढे मिनी कारवाले तेच) साष्टांग नमस्कार. दर वेळी ऑइल बघायला बायकोला उठवायचं जिवावर आलं, म्हटलं असेल अजून. नव्हतं. शेवटच्या चाकावर पोचलो आणि नळीतून नुसती फुसफुस. परत पहिल्या चाकापासून. ती काही बोलली नाही, फक्त आत जाऊन स्वेटर घालून आली.

त्यात बॉनेटजवळ एक थेंब सांडला, हे ऑइल रंग खातं म्हणून आधी बादलीभर पाणी ओतलं.

अंधार पडता पडता पेडल घट्ट लागलं. गल्लीत हळू दोन चकरा मारल्या, गाडी सरळ थांबते, कुठे ओढत नाही. जुनं ऑइल अगदी कडक चहाच्या रंगाचं निघालंय. बरणी आता शेडमधे, वर मार्करने "विष" लिहून, रिसायकलिंग सेंटरला नेईपर्यंत.