म्हैस

आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, एक म्हैस होती. चारा खात नव्हती, दूध देत नव्हती आणि तीन पिढ्यांत जागची हलली नव्हती. घरासमोर अर्धा जमिनीत रुतलेला काळा धोंडा होता तो. पावसात भिजला की डबक्यात बसलेल्या म्हशीसारखा दिसायचा, म्हणून हे नाव. पाठ मात्र परातीसारखी सपाट. चैत्र-वैशाखात आजी त्या पाठीवर कुरडया वाळत घालायची. पत्र्यावर कुरडई करपते, म्हशीवर निवांत वाळते, असं तिचं म्हणणं.

जिंतूरहून डोंगराकडं निघालं की असल्या म्हशी बांधाबांधावर बसलेल्या दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला हा दगड. त्याचे कोपरे आधी झिजतात, मग कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटत जातात, त्यांचा मुरूम होतो आणि आत गोलमटोल गाभा उरतो. शाळेत हे मी पाठ केलं होतं. त्याचा खरा अर्थ कळायला गोल धोंड्याला साखळी बांधावी लागते. ती बसतच नाही. कितीही आवळा, लिंबावरून दोरा घसरावा तशी सुटून येते.

म्हशीनं जागा सोडावी असं वाटायचं कारण एकच, ट्रॉली वळत नव्हती. कापसाच्या ओळीतून चालावा म्हणून मी मागच्या वर्षी 24 एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतला, सेकंडहँड. दारात ट्रॅक्टर आला की माणसाला उगीचच आपली ताकद वाढल्यासारखी वाटते. मी टेप घेऊन धोंडा मोजला. वरचा दिसत होता, खालचा पहारीनं टोचून अंदाज घेतला. चार फूट लांब, तीन रुंद, दोन जाड. म्हणजे 24 घनफूट. काळा दगड घनफुटाला 80 किलोच्या वर भरतो. गोलाईची सूट दिली तरी दीड टन. ट्रॅक्टर स्वतः टनाच्या आतला, त्याची लिफ्ट कागदावर 750 किलो उचलणारी. गणित स्पष्ट होतं, तरी मी साखळी आणली.

अण्णा निवृत्त मास्तर. ओसरीवरून म्हणाले, "वेरूळला कैलास कोरणाऱ्यांनी बघ, नको तेवढा डोंगर काढून टाकला, हवं ते जागच्या जागी ठेवलं. तू रस्ता हलव." आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांचा दाखला ट्रॉलीच्या वळणाला द्यायचा, हे मास्तरांनाच जमतं.

पहिला प्रयत्न फाल्गुनात केला. काळ्या मातीला हात-हात भेगा पडलेल्या, वाटलं सुटा असेल. पण वाळलेली काळी माती म्हणजे सिमेंटच. साखळी घसरत होती म्हणून मी ती ट्रॅक्टरला वरच्या बाजूला, टॉप लिंकच्या खुंटीपाशी अडकवली. तिरकी ओढ लागली तर धोंडा वर येईल, हा माझा शोध. क्लच सोडला. धोंडा तसाच, मागची चाकं तशीच, आणि समोरचं बॉनेट हळूच आभाळाकडं निघालं. चाकाला फिरता येत नसलं की ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरायला बघतो, हे ज्ञान मला त्या एका क्षणात झालं. पाय क्लचवर होता म्हणून बरं. धाडकन पुढची चाकं खाली आली. शेजारच्या आखाड्यावरचे मामा धुऱ्यावरून पळत आले.

"आरं, वर कामून बांधली? खाली हूकला बांधावं. जितकं वर बांधशील तितका उलटा येतो तो अंगावर!"

ओरडून झाल्यावर मामांनी पाणी मागितलं, आधी मला पाजलं, मग स्वतः प्यायले.

आजीनं तोवर सगळं बघितलं होतं. बाहत्तरच्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली, सुकडी खाऊन. दगडाच्या बाबतीत ती कुणाचंच ऐकून घेत नाही. म्हणाली, "ताकदीचं काय करू लागलास? वापसा येऊ दे की."

वापसा पेरणीला लागतो, धोंड्याला कशाला? पण बरोबर होतं तिचं. ही माती वाळली की आवळून धरते, चिखल झाला की चाकं जागेवर गरगरतात. मधले दोन-तीन दिवस काय ते आपले. ते दिवस चैत्रात अवकाळीनं आणून दिले. आंब्याचा मोहर झोडपला, मामांचा कांदा भिजला, आणि माझ्या म्हशीला वापसा आला. आनंद दाखवायची सोय नव्हती.

त्या दिवशी मामा सब्बल घेऊन आले. एका अंगानं चर खोदला, सब्बल घातली, बोटभर उचललं की फटीत दगडाची उटी, म्हणजे टेकू, पुन्हा बोटभर, पुन्हा उटी. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन लेण्यात पार्श्वनाथाची अवजड मूर्ती लहानशा दगडावर टेकलेली आहे. शाळेच्या सहलीत आम्ही पोरं वाकून-वाकून ते बघायचो आणि "कसं काय?" म्हणायचो. तासाभरानं माझी म्हैस चार उट्यांवर होती. मग साखळी खालून घातली, खाली हूकला अडकवली, ट्रॅक्टरच्या तोंडावर खताची दोन पोती ठेवली. मामांनी साखळीवर ओलं बारदान टाकलं, तुटली तर उडून येऊ नये म्हणून, आणि पोरांना चिंचेच्या पलीकडं हाकललं.

पहिल्या गियरात ट्रॅक्टर कण्हला. धोंडा कलला, क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला आणि आपल्या वजनानंच पलीकडच्या फळ्यांवर पालथा झाला. सपाट बाजू बरोबर खाली! ह्याहून चांगलं काय मागायचं? फळ्यांवर पाईप आडवे टाकले होते आणि त्यांच्यावर म्हैस हुबेहूब बसली. पाईप कोरड्या गेलेल्या बोअरचे. त्या बोअरनं आम्हाला पाण्याचा थेंब दिला नाही, पाईप मात्र अशा रीतीनं कामी आले. पुढं ट्रॅक्टर मुंगीच्या चालीनं, मागं सुटलेला पाईप उचलून मी धावत पुढं टाकायचा, मामा "हां, हां, येऊ दे" करत चालायचे. जिला जागची हलवता येत नव्हती ती पाईपांवरून बैलगाडीसारखी निघाली. तीस-चाळीस पावलं, चिंचेखालपर्यंत. अण्णाही ओसरीवरून उतरून आले आणि एक पाईप उचलून गेले. वेरूळचं नाव काढलं नाही.

मोकळ्या जागेत मी ट्रॉली एकदा वळवली. गरज नसताना आणखी दोनदा वळवली. म्हशीच्या जागी खड्डा होता, त्यात आमचं कुत्रं जाऊन बसलं.

वैशाखात कुरडयांचा दिवस उजाडला. आजी चिकाचं पातेलं आणि सोऱ्या घेऊन चिंचेखाली गेली. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून मी पाहायला गेलो. ती धोंड्याच्या गोल, उताणं झालेल्या पोटावरून हात फिरवत उभी होती.

"पाठ खाली घातलीस की रे हिची."

मी वजन सांगितलं, उट्या सांगितल्या, सपाट बाजू पाईपावर का लागते तेही सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग वर चिंचेकडं बघितलं. "आणि ठेवलीस ती बी सावलीत."

पातेल्यावर झाकण ठेवून ती म्हणाली, "मामाला हाक मार. पाईप आहेत ना अजून?"