सत्तर वर्षांचं झाड, पाच वर्षांचा आराखडा

टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यावर किलवा जिल्हा आहे. तिथल्या एका गावाचं राखीव जंगल जाहीर करून घेण्याच्या खटपटीत मी होतो. कायदा गावाच्या बाजूचा: 1999चा ग्रामभूमी कायदा आणि 2002चा वनकायदा. जंगल कसं राखायचं-तोडायचं याचा आराखडा मंजूर झाला की लाकडाची रॉयल्टी गावाची. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच वर्षी किलव्यातल्या किकोले आणि किसांगी या गावांच्या जंगलांना एफएससी, म्हणजे जंगल नीट राखून लाकूड काढल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. त्यामुळे सगळ्यांनाच हुरूप होता.

जंगल सांभाळणारी गावसमिती निवडणं सोपं गेलं. घोडं अडलं हद्दीवर. कागदावर हद्द म्हणजे ओढा. प्रत्यक्षात ओढा कोरडा आणि त्याला फाटे फुटलेले. शेजारच्या गावाचे म्हातारे भलत्याच फाट्याकडे बोट दाखवायचे. जीपीएस काय, उभे राहू तिथला आकडा देणार! शेवटी दोन्ही गावांची जुनी माणसं एकत्र चालली, पोरांनी कोयत्याने वाट काढली आणि ठरेल त्या झाडाला लाल पट्टा मारला. सह्या झाल्या तेव्हा कुठे झाडांच्या मोजणीला हात लागला.

मोजायचं मुख्य झाड म्पिंगो. आपल्या शिसवाच्या कुळातलं. क्लॅरिनेटचं काळं लाकूड ते हेच. दिसायला मात्र काटेरी, वेडंवाकडं, बुडापासूनच फुटलेलं. टेप गुंडाळताना हात ओरबाडून निघतात. जमिनीपासून 1.3 मीटरच्या खाली दुबेळकं असेल तर दोन खोडं धरायची, वर असेल तर एक. यावर रोज हुज्जत. त्यात दरसालच्या वणव्यांनी कित्येक जाडजूड खोडं आतून पोकळ झालेली.

हे झाड तोडणीजोगं व्हायला सत्तर ते शंभर वर्षं लागतात आणि आमचा आराखडा पाच वर्षांचा! तरुण अधिकाऱ्यांना यात विसंगती वाटते, मला वाटत नाही. शंभर वर्षांचं वेळापत्रक कुणी पाळत नसतं. वाढेल त्याहून कमी तोडायचं आणि कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच हलकी आग लावून मोठा वणवा टाळायचा, एवढं पाच वर्षं नेटाने केलं तरी पुष्कळ.

ग्रामसभेत खरा वाद पेटला तो तिळावरून. इथे तिळाला भाव चांगला आणि त्यासाठी जंगल साफ करून नवं रान धरायची रीत. एक बाई उभी राहून म्हणाली, "लाकडाचे पैसे समितीला, माझा तीळ कुठे पेरू?" तिचं चुकीचं नव्हतं. नकाशात शेतीची जागा वाढवून घेतली, राखीव पट्टा तेवढा आखडला, मगच हात वर झाले.

जिल्हा परिषदेची मंजुरी त्यामानाने लवकर आली. पुढच्या मोजणीसाठी लाकूडविक्रीतला हिस्सा बाजूला काढायचा ठरावही त्याच ग्रामसभेत झाला होता. किती टक्के, यावर समितीत अजून खडाजंगी चालू आहे.