डुकरं, झटका मशीन अन् टेक्सासचं हेलिकॉप्टर

सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या की आमच्या गावात दोनच विषय, पाऊस अन् रानडुकरं. माझ्या चुलतभावाला तर यूट्यूबवर टेक्सासचे व्हिडिओ पाहायचा नादच लागलाय. तिकडे 2011 च्या कायद्यानं हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायची मुभा मिळाली, लोक पैसे मोजून शिकारीला जातात, अन् अख्खा कळप पिंजऱ्यात शिरला की मोबाईलवरून फाटक पाडतात. भाऊ विचारते, आपल्याकडे काहून नाही होत असं?

अरे बापा, तिकडची डुकरं मुळात बाहेरून आणलेली, पाळीव होती ती सुटून रानटी झाली. आपलं रानडुक्कर इथलंच, वाघ-बिबट्याचं खाणं, अन् 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला संरक्षण आहे. आता त्याच कायद्याच्या कलम 11 खाली उभ्या पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायची परवानगी मिळू शकते, नाही असं नाही, पण कागद हातात आला तरी लायसनची बंदूक अन् अंधारात नेम धरणारा माणूस गावात आहे कोणाकडे? मेलेलं जनावर सरकारजमा, ते वेगळंच. अन् एखादं पाडून होते काय, मादी एका वेताला चार-सहा पिल्लं देते, कळप दोन दिवस गप राहते अन् दुसऱ्या धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, येते.

मग काही जण लाईनवर आकडा टाकून तारेत सरळ करंट सोडतात. यावर मी गावात भांडलोय अन् पुढंही भांडीन. 2017 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडे जय नावाच्या प्रसिद्ध वाघाचा बछडा श्रीनिवास अशाच तारेनं मेला. वाघाची बातमी तरी होते, रात्री ओलिताला जाणाऱ्या माणसाचं काय? तार काही डुक्कर पाहून करंट देत नाही.

जुन्या साड्या बांधून झाल्या, भोंगा झाला, सुतळी बॉम्ब झाले. डुकरं चार रात्री बिचकतात, मग साडीखालून निवांत आत. सकाळी पाहा तर भुईमुगाच्या ओळी नांगरल्यासारख्या उलट्या अन् साडीच्या खालच्या काठाला चिखल अन् राठ केस चिकटलेले.

त्यातल्या त्यात चालते ते सोलरचं झटका मशीन, म्हणजे वावराभोवतीच्या तारेत थांबून थांबून हलका झटका सोडणारं यंत्र. 12 व्होल्टची बॅटरी, सेकंदाला साधारण एक झटका, तोही क्षणभराचा, म्हणून जनावर हादरते पण मरत नाही. पण दुकानदार सांगत नाही ते ऐका, खालची तार जमिनीपासून वीतभरच वर पाहिजे, काहून की डुक्कर सहसा उडी मारत नाही, नाक घालून खालून घुसते, अन् झटका लागते तो त्या ओल्या नाकालाच, अंगावरच्या राठ केसांवर फारसं काही होत नाही. गवत तारेला टेकलं की करंट तिथंच जमिनीत उतरते, म्हणून पावसाळ्यात तारेखाली सतत निंदण लागते. अर्थिंगची सळई ओलीत गाडा, कोरड्या मुरमात निस्तं टिकटिक वाजते. अन् बॅटरी सकाळी घरी आणा, डुकरं नेत नाहीत पण माणसं नेतात.

एकट्याच्या वावराला तार घातली तर कळप शेजाऱ्याकडे वळते अन् मग बोलणी आपल्यालाच बसतात, म्हणून आम्ही चार धुरेवाले मिळून एकच तार घालतोय. तिघं तयार आहेत. चौथे काका म्हणतात, आधी तुमच्याकडे चालते का पाहू.