सायकलसाठी परवडणारा हृदयगती मापक निवडताना

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तेव्हा माझी पहिली काळजी सायकलची होती. ट्रेडमिलवरची चाचणी झाल्यावर डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, ‘‘सर, सायकल बंद करू नका. फक्त चढावर ठोके १३५ च्या वर जाऊ देऊ नका. वर गेलेच तर उतरा, थांबा, पाणी प्या.’’ दवाखान्यातून बाहेर पडताना मला फार हलके वाटले, पण बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरी पोहोचेपर्यंत लक्षात आले की १३५ हा आकडा पाळायचा असेल तर तो सायकलवर बसल्याबसल्या दिसायला हवा आणि जो दिसेल तो खरा असायला हवा. हा दुसरा भाग किती महत्त्वाचा आहे, हे समजायला मला पुढचे दोन महिने लागले.

आधी मी जे बहुतेक जण करतात तेच केले आणि हजार-दीड हजारांचा मनगटी बँड मागवला. घरात खुर्चीवर बसून पाहिले तेव्हा त्याने ७२ दाखवले, मी मनगटाची नाडी मोजली तर तीही ७२ भरली, आणि मी निर्धास्त झालो. त्यानंतरच्या रविवारी येळ्ळूरहून राजहंसगडाचा चढ घेतला. गडाच्या शेवटच्या वळणांवर मला एक सबंध वाक्य बोलता येत नव्हते, कानशिले धडधडत होती, आणि मनगटावर आकडा होता ९६. तिथेच पाय टेकला, दोन बोटे गळ्याच्या बाजूला जबड्याखाली ठेवली आणि घड्याळाकडे पाहत १५ सेकंद मोजले. ३८ ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १५२. डॉक्टरांनी आखलेली रेषा ओलांडून मी बराच पुढे गेलो होतो आणि हातातले यंत्र मला सगळे ठीक असल्याचे सांगत होते.

दुसरा प्रकार वेंगुर्ला रस्त्यावर घडला. हिंडलगा सोडून सुळग्याकडे जाताना बँडवरचा आकडा ८४ ते ८६ मध्येच घुटमळत राहिला, मी वेग वाढवला काय किंवा कमी केला काय, त्याला काही फरक पडेना. शेवटी सहज म्हणून उजवा गुडघा अर्ध्या मिनिटात किती वेळा वर येतो ते मोजले, तर ४२. म्हणजे पॅडलच्या मिनिटाला ८४ फेऱ्या. बँड माझे हृदय मोजतच नव्हता, माझे पाय मोजत होता. ही गोष्ट जाणकार सायकलस्वारांना माहीत असते, पण बँडच्या खोक्यावर ती कोणी छापत नाही.

असे का होते, हे समजले की निवड सोपी होते. मनगटी यंत्राच्या पाठीवर हिरवा प्रकाश टाकणारे छोटे दिवे असतात. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेते, प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालच्या सूक्ष्म वाहिन्यांतले रक्त किंचित वाढते, त्यामुळे परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि या चढउतारांवरून यंत्र ठोके मोजते. बसलेल्या माणसावर ही पद्धत चांगली चालते. सायकलवर मात्र मनगट वाकलेले असते, हँडल आवळल्यामुळे हाताचे स्नायू ताठरलेले असतात, आणि आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा व प्रत्येक खडी थेट तिथेच हादरे देत असते. डिसेंबरच्या पहाटे थंडीने बोटे बधिर होतात, तेव्हा हातापायांकडे जाणारे रक्तही कमी होते. हादऱ्यांची लय नाडीच्या लयीपेक्षा ठळक झाली की यंत्र तिलाच ठोके समजते. महागड्या घड्याळांत हा दोष कमी केलेला असतो, पण स्वस्त बँडकडून सायकलवर अचूकपणाची अपेक्षा ठेवणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

छातीभोवती बांधायच्या पट्ट्याचे काम मुळातच वेगळे आहे. तो प्रकाश वापरत नाही. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर निर्माण होणारा विद्युत संकेत तो त्वचेवरून टिपतो, म्हणजे ईसीजी काढताना जे मोजतात त्याचेच हे साधे रूप आहे. छातीवर तो संकेत जोरकस असतो आणि हँडलच्या हादऱ्यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. फिनलंडमधली पोलार ही कंपनी १९७७ साली स्थापन झाली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने बिनतारी छातीपट्टा बाजारात आणला, म्हणजे हे तंत्र चाळीस वर्षांहून जुने आणि पुरते मुरलेले आहे. कमी पैसे असणाऱ्यांसाठी हीच सर्वांत मोलाची बाब आहे, कारण जे तंत्र स्थिरावले आहे त्याची स्वस्त प्रतही काम नीट करते. मनगटी यंत्रात पैसे कमी केले की अचूकपणा कमी होतो, तर छातीच्या पट्ट्यात पैसे कमी केले की बहुधा कापड जरा राठ मिळते, आकडे साठवण्याची सोय जाते किंवा ॲप साधे असते.

मी एका मित्राचा पट्टा आठवडाभर मागून घेतला आणि पुन्हा राजहंसगडावर गेलो. त्याच वळणांवर आकडा १४८, १५१, १५४ असा चढत गेला. थांबून गळ्याशी मोजले तर दोन-तीन ठोक्यांचाच फरक होता. त्या दिवशी निर्णय झाला.

खर्चाची मर्यादा मी तीन हजारांच्या आसपास ठरवली होती. त्या किमतीच्या जवळपास कूस्पो आणि मजीन या चिनी कंपन्यांचे पट्टे मिळतात, आणि डेकॅथलॉनचाही स्वतःचा पट्टा आहे. पोलारचा एच-९, किंवा गार्मिन, वाहू या कंपन्यांचे पट्टे त्याहून महाग आहेत, आणि पोलारचा एच-१० तर आणखी वरच्या किमतीचा आहे. अचूकपणात एच-१० ची ख्याती मोठी आहे, पण चढावर १३५ ची रेषा पाळण्यासाठी तेवढे पैसे घालण्याची गरज मला पटली नाही. मी कूस्पोचा घेतला. तुम्ही यांपैकी कोणताही घेतला तरी खोक्यावर पाहण्याच्या गोष्टी त्याच राहतात.

सर्वांत आधी पाहायचे ते हे की यंत्र आपले आकडे दुसऱ्या यंत्राला देते की नाही. ब्लूटूथवर हृदयगती पाठवण्याची एक सर्वमान्य पद्धत ठरलेली आहे, आणि जो पट्टा ती पाळतो तो कोणत्याही कंपनीच्या ॲपशी किंवा सायकल कॉम्प्युटरशी जुळतो. पुष्कळसे स्वस्त बँड फक्त स्वतःच्या ॲपलाच आकडे देतात, त्यामुळे हँडलवर लावलेल्या मोबाइलमध्ये वा कॉम्प्युटरवर ते दिसतच नाहीत आणि चढावर प्रत्येक वेळी मनगट वळवून पाहावे लागते, जे उतरणीवर तर धोक्याचे आहे. ब्लूटूथच्या जोडीला ‘अँट प्लस’ ही दुसरी बिनतारी पद्धत असेल तर फारच उत्तम. ब्लूटूथवर पट्टा एका वेळी एक किंवा फार तर दोन-तीन यंत्रांशीच बोलतो, पण अँट प्लसवर तो सर्वांसाठी एकदमच आकडे सोडतो, म्हणजे कॉम्प्युटर आणि घड्याळ दोन्हींवर ते एकाच वेळी दिसतात. बहुतेक मोबाइल अँट प्लस ओळखत नाहीत, म्हणून जो केवळ मोबाइलच वापरणार आहे त्याने ब्लूटूथ नसलेला पट्टा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. संकेत पाठवण्याच्या जुन्या ५ किलोहर्ट्झच्या पद्धतीचे वापरलेले पट्टे अजूनही विकायला दिसतात, आणि तेही याच कारणाने टाळावेत. शेजारून जाणाऱ्याच्या पट्ट्याचे ठोके आपल्या घड्याळात यावेत, असेही त्यांच्या बाबतीत होत असे.

मोबाइल वापरणाऱ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. जांबोटीहून कणकुंबीकडे आणि पुढे चोर्ल्याच्या बाजूला निघाले की पुष्कळ ठिकाणी रेंज मिळत नाही, आणि म्हणून काही जणांना पट्टाही बंद पडेल अशी भीती वाटते. तसे होत नाही. पट्टा आणि मोबाइल यांच्यातला संवाद थेट असतो, त्याला टॉवर लागत नाही. फक्त ॲप असे निवडावे की जे नेट नसताना राइड नोंदवून ठेवते.

नंतर पाहायची ती बॅटरी. पट्ट्यावरच्या ठोके मोजणाऱ्या छोट्या डबीत बहुधा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल असतो, जो घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो आणि रोज तासभर वापरूनही कित्येक महिने टिकतो. मागचे झाकण एक रुपयाच्या नाण्याने फिरवून उघडता येते. झाकणाखाली रबराची एक पातळ कडी असते, ती सेल बदलताना वळली किंवा हरवली तर घाम आत जातो आणि डबी संपते, त्यामुळे हे काम घाईत करू नये. चार्जिंगचे पट्टेही मिळतात, पण त्यातली बॅटरी थकली की संपूर्ण यंत्र टाकावे लागते, म्हणून कमी खर्चात दीर्घकाळ चालवायचे असेल तर मी सेलवाल्याच्याच बाजूने आहे.

कापडी पट्टा डबीपासून सुटा होतो की नाही, हे तिसरे. घामाच्या मिठाने खराब होतो तो नेहमी पट्टाच, डबी नव्हे. पट्टा वेगळा विकत मिळत असेल तर चारशे-पाचशे रुपयांत काम भागते, नाहीतर सगळेच नव्याने घ्यावे लागते.

ज्यांना छातीवर पट्टा आवळणे सहनच होत नाही, त्यांच्यासाठी दंडावर बांधायचा प्रकाशाचा बँड हा मधला मार्ग आहे. तोही हिरव्या प्रकाशावरच चालतो, पण दंडावर मांस अधिक आणि हालचाल कमी, म्हणून मनगटापेक्षा तो पुष्कळच विश्वासार्ह ठरतो. माझ्या धाकट्या भावाला छातीच्या पट्ट्याने पुरळ उठत असे, त्याने हा बँड घेतला आणि तो समाधानी आहे. अचानक जोर लावला की त्याचा आकडा माझ्या पट्ट्यापेक्षा जरा उशिरा वर जातो, एवढाच फरक आम्हाला शेजारीशेजारी चालवताना जाणवला.

पट्टा घेतल्यावर पहिल्या दिवशी तो २२० दाखवू लागला म्हणून घाबरून जाऊ नये. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दोन गुळगुळीत काळे भाग असतात, ते ओले असल्याशिवाय संकेत नीट मिळत नाही. मी बेसिनपाशी उभा राहून दोन बोटांनी त्यांना पाणी लावतो, पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, खोल श्वास घेता येईल इतपत घट्ट बांधतो आणि मगच टायरची हवा पाहतो. दहा मिनिटांत घाम सुटला की पुढे त्याची काळजी राहत नाही. थंडीच्या कोरड्या हवेत सिंथेटिक जर्सी वाऱ्याने फडफडली तर स्थिर विजेमुळेही वेडेवाकडे आकडे येतात, त्यावरही पाणी हाच उपाय आहे.

आता आकड्यांविषयी. २२० मधून वय वजा करण्याचा हिशेब सर्वांना पाठ असतो, त्याने माझी कमाल १६६ येते. २००१ साली मांडल्या गेलेल्या दुसऱ्या सूत्रात वयाला ०.७ ने गुणून ते २०८ मधून वजा करतात, त्याने १७० येते. पण ही दोन्ही सूत्रे अनेक माणसांच्या सरासरीवर आधारलेली आहेत, एका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज निघतो. त्यातही मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या हृदयाचा वेगच रोखून धरतात, त्यामुळे त्या घेणाऱ्याने सूत्रावर मुळीच विसंबू नये. माझा १३५ हा आकडा सूत्रातून आलेला नाही, ट्रेडमिलवर माझ्याच छातीला तारा लावून तो काढलेला आहे, आणि ज्यांना गोळ्या आहेत किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास आहे त्यांनी पट्ट्याआधी त्या चाचणीवर पैसे खर्च करावेत, असे मी कळकळीने सांगेन.

हृदय पायांच्या मागून येते, हेही पट्ट्याने मला शिकवले. खानापूर रस्त्यावरचे छोटे चढ संपत येतात तेव्हा कुठे आकडा वर जाऊ लागतो, आणि उतार लागल्यावरही तो काही क्षण वरच राहतो. म्हणून १२५ दिसताच मी मागची मोठी दातेरी चकती, म्हणजे हलका गिअर, लावतो, १३५ ची वाट पाहत नाही. एप्रिल-मेमध्ये नऊ वाजल्यानंतर तोच रस्ता, तोच वेग असूनही ठोके आठ-दहाने अधिक भरतात, कारण शरीर थंड ठेवण्यासाठीही रक्त फिरवावे लागते आणि अंगातले पाणी कमी होत असते. त्या महिन्यांत मी राकसकोपचा फेरा साडेपाचला सुरू करतो आणि ऊन चढायच्या आत घरी येतो.

घरी आल्यावर डबी पट्ट्यापासून लगेच वेगळी करतो, कारण ओला पट्टा लागून राहिला तर यंत्राला कोणी ते घातले आहे असेच वाटते आणि सेल उगाच खर्च होतो. पट्टा साध्या कोमट पाण्यातून काढून, न पिळता, सावलीत दोरीवर टाकतो. उन्हाळ्यात तो दुपारपर्यंत कोरडा होतो. जून ते सप्टेंबर मात्र आमच्याकडे भिंतीही ओल धरतात, आणि दोरीवरचा पट्टा दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा दमटच हाताला लागतो, त्याला कुबट वास येऊ लागतो. म्हणून यंदा मिरगाच्या आधी मी त्याच डबीला बसणारा दुसरा पट्टा मागवून ठेवला आहे, म्हणजे एक अंगावर आणि एक स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागच्या उबेला.